मॅट उचलून बघा

२०१० च्या ऑक्टोबरात औरंगाबादेत एक सौदा झाला आणि मराठवाड्याचं नाव दुष्काळ सोडून दुसऱ्याच कारणानं देशभरच्या वर्तमानपत्रांत आलं. शहरातले उद्योजक, डॉक्टर, बांधकामवाले, व्यापारी एकत्र आले आणि त्यांनी एका दमात सुमारे दीडशे मर्सिडीज घेतल्या. सौदा साधारण ६५ कोटींचा. स्टेट बँकेनं कर्ज दिलं, घाऊक खरेदी म्हणून गाड्यांचा भावही खाली आला. पुढे कितीतरी दिवस चर्चा चालली ती पैशाची, ईर्षेची आणि मागास म्हणवल्या जाणाऱ्या मुलखातल्या या श्रीमंतीची. एवढे लाख मोजल्यावर हाताला नेमकं काय लागतं, हा विषय मागेच राहिला.

त्या गाड्यांना आता पंधरा वर्षं झाली. खासगी गाडीची नोंदणी पंधरा वर्षांची असते. पुढे आरटीओत तपासणी करून ती पाच-पाच वर्षांनी वाढवून घ्यावी लागते. म्हणजे त्या दीडशेतली जी कुठे चालत असेल, तिची खरी परीक्षा आत्ता आहे. शोरूममध्ये सगळ्याच गाड्या पहिल्या नंबरात पास होतात. डॅशबोर्डला तडा गेलाय का, छताचं कापड लोंबतंय का, दार अजून एका बोटानं लागतं का, हे पंधराव्या वर्षी बघितलं की कारखान्यात काय काम झालं होतं ते समजतं.

आणि ही परीक्षा घ्यायची तर बीड जिल्ह्यासारखी जागा नाही. एप्रिल-मेमध्ये पारा चाळिशीच्या वर, आणि उन्हात उभ्या गाडीचा काळा डॅशबोर्ड सत्तर अंशांच्या पुढे. काळ्या मातीची धूळ इतकी बारीक की बंद कपाटातही शिरते. धुळे-सोलापूर महामार्ग आता गुळगुळीत आहे, पण त्याच्यावरून उतरून गावाकडे वळलं की दर वस्तीला एक गतिरोधक, आणि प्रत्येक गतिरोधकाची उंची ज्याच्या त्याच्या मर्जीनं. धारूरचा घाट आहेच. मग जूनमध्ये एका रात्रीत पाऊस. म्युनिक किंवा स्टुटगार्टचे लोक हेच सगळं प्रयोगशाळेत घडवून आणतात, त्यासाठी भट्ट्या आणि धुळीच्या खोल्या बांधतात. आपल्याकडे ते फुकट मिळतं.

बीडमध्ये महागड्या जर्मन गाडीचं शोरूम नाही. कोरी हवी तर संभाजीनगर, म्हणजे पूर्वीचं औरंगाबाद, नाहीतर पुणं. पण एमएच २३ आणि अंबाजोगाईच्या एमएच ४४ पासिंगच्या पाट्या लावलेल्या अशा गाड्या रस्त्यावर दिसतात, आणि त्यातल्या बऱ्याच कुणाच्या तरी हातून आलेल्या असतात. म्हणून इथला गिऱ्हाईक जाहिरात बघून गाडी घेत नाही, तो उकरून बघतो. कार बाजारात शब्दही तसेच: ‘सिंगल हँड’, ‘डॉक्टरची गाडी’, ‘कलर ओरिजिनल’, ‘लेग-पिलर ओके’. यातला ‘डॉक्टरची गाडी’ हा शब्द मला फार गमतीचा वाटतो. महाराष्ट्रात विकायला असलेल्या निम्म्या गाड्या डॉक्टरच्या असतील, तर दवाखाने चालतात कसे?

*

गाडी पारखायची म्हटलं की पहिला हात दाराला जातो. दार उघडायचं, लावायचं, आवाज ऐकायचा. ‘खण्ण’ वाजलं की हलकी, ‘धप्प’ वाजलं की भारी. आपल्या भागाला ही सवय लावली ती स्कोडानं, असं मला वाटतं. २००१ मध्ये औरंगाबादजवळच्या शेंद्र्याच्या कारखान्यात ऑक्टाव्हिया जुळायला लागली आणि मारुतीचं दार लावून मोठी झालेली पिढी त्या आवाजावर भाळली. २००७ पासून त्याच आवारात ऑडीही जुळायला लागली. त्याआधी, १९९५ मध्ये, पिंपरीला टेल्कोच्या आवारात मर्सिडीजची ई २२० तयार व्हायला लागली होती; २००९ मध्ये तो कारखाना स्वतंत्र होऊन चाकणला गेला. म्हणजे जर्मन गाडी आपल्याला वाटते तेवढी परकी नाही. सुटे भाग पेट्यांतून येतात आणि ते जुळवणारे हात शेंद्रा-चाकणच्या पट्ट्यातल्या आयटीआयवाल्या पोरांचे असतात. ‘इम्पोर्टेडची फिटिंग वेगळीच असते’ असं ठासून सांगणाऱ्यानं हे ध्यानात ठेवावं.

तर दाराचा आवाज. तो मुद्दाम घडवलेला असतो. दाराच्या बाहेरच्या पत्र्याला आतून जड डांबरी पट्टी चिकटवली की पत्र्याचा नाद मरतो. कुलपाच्या जिभेला प्लास्टिकचं आवरण दिलं की लोखंडावर लोखंड आपटत नाही. चौकटीला दोन-दोन बिडिंग बसवली की कोंडलेली हवा हळू सुटते. एवढं केलं की कुठलंही दार ‘धप्प’ वाजतं, आणि आता बारा-पंधरा लाखांच्या गाड्याही ही युक्ती शिकल्या आहेत. तेव्हा नुसता आवाज ऐकून काही ठरवू नये. दार अर्धं उघडून सोडावं, ते तिथंच थांबतं का बघावं. खालून दोन्ही हातांनी धरून वर उचलून बघावं. बिजागरीत ढील असेल तर लगेच हाताला कळतं. मग बिडिंग बोटानं बाजूला सारून आत डोकवावं. कारखान्यातले स्पॉट वेल्डिंगचे गोल ठसे ठरावीक अंतरानं, एका रांगेत दिसतात. ठसे नाहीसे झालेले असतील किंवा तिथे लांबी, म्हणजे पुट्टी, भरलेली असेल, तर त्या बाजूनं काहीतरी मोठं लागलेलं आहे.

दार आणि फेंडर, बॉनेट आणि बंपर यांच्यामधली फट हा दुसरा मुद्दा. १९८९ मध्ये टोयोटानं अमेरिकेत लेक्सस एलएस ४०० आणली, तेव्हाची जाहिरात अजून सांगितली जाते: बॉनेटवर शँपेनच्या ग्लासांचा मनोरा, गाडी रोलरवर ताशी दोनशेच्या पुढे पळतेय आणि ग्लास हलत नाही. दुसऱ्या एका जाहिरातीत लोखंडी गोळी बॉनेटच्या फटीवरून सोडली, ती कडेकडेनं घरंगळत गेली, कुठे अडली नाही की आत पडली नाही. जर्मनांना हे झोंबलं. फोक्सवॅगनचे प्रमुख फर्डिनांड पीएख फटींच्या बाबतीत झपाटलेले होते. अमेरिकी वाहन उद्योगातले बॉब लुट्झ यांनी एक प्रसंग लिहून ठेवलाय. पीएख यांना त्यांनी विचारलं, तुमच्या नव्या गोल्फची फिटिंग इतकी नेमकी जमली कशी? उत्तर असं: बॉडीच्या कामाशी संबंध असलेल्या सगळ्या साहेबांना एका खोलीत बोलावलं आणि सांगितलं, सहा आठवड्यांत फटी जागतिक दर्जाच्या झाल्या नाहीत तर तुम्ही सगळे घरी. लुट्झ यांनी ही गोष्ट सांगितली २०१५ मध्ये, डिझेलच्या धुराच्या चाचणीतली फोक्सवॅगनची लबाडी उघडी पडल्यावर. त्यांचं म्हणणं, ज्या धाकानं फटी जुळल्या त्याच धाकानं इंजिनिअरांना खोटं बोलायला लावलं. बारीक फट बघितली की मला आता दोन्ही आठवतं.

फट अरुंद असणं महत्त्वाचं आहेच, पण वापरलेल्या गाडीत त्याहून महत्त्वाचं म्हणजे ती दोन्ही बाजूंना सारखी असणं. डावीकडे बोटाचं टोक जातं आणि उजवीकडे नख जात नाही, असं असेल तर पुढचं बोलणंच नको. आणि हे उन्हात बघावं, ट्यूबलाइटखाली नाही.

*

आता पत्रा. आपल्याकडे गाडीची किंमत ठरवण्याचं हे सर्वांत जुनं माप. बॉनेटवर टिचकी मारायची आणि ‘पत्रा जाड हाय’ म्हणायचं. खरं म्हणजे बाहेरचा पत्रा महागड्या गाडीतही एका मिलिमीटरच्या आतच असतो, बहुतेक पाऊण मिलिमीटरच्या आसपास. जीव वाचवतो तो आतला सांगाडा. दाराच्या मधला खांब, काचेच्या बाजूचे खांब, उंबऱ्याची पट्टी, हे सगळं तापवून दाबलेल्या बोरॉन स्टीलचं असतं. त्याची ताकद साध्या पत्र्याच्या कितीतरी पट, १५०० मेगापास्कलच्या घरात. टिचकीला त्यातलं काही कळत नाही. ऑक्टोबर २०२३ मध्ये भारत एनकॅपच्या चाचण्या सुरू झाल्यापासून लोक तारे विचारायला लागलेत, हे बरं झालं.

टिचकीसारखंच लोहचुंबकाचं. जुने दलाल खिशात फडक्यात गुंडाळलेलं चुंबक ठेवतात. पत्र्यावर लांबी भरली असेल तर चुंबक नीट धरत नाही, एवढं साधं गणित. पण बीएमडब्ल्यूची २००३ ते २०१० मधली फाइव्ह सिरीज घ्या. तिचा पुढचा भाग, बॉनेट-फेंडरसकट, ॲल्युमिनियमचा आहे. त्यावर चुंबक लावलं की ते सरळ खाली पडतं आणि गिऱ्हाईक म्हणतो, ‘आवो, ही तर पूर्ण लांबीनंच भरलीय!’ उलटही होतं. ॲल्युमिनियमला पडलेला पोचा साध्या डेंटरला काढता येत नाही, वेल्डिंग तर नाहीच नाही. मग तो लांबीच भरतो आणि चुंबक दोन्ही वेळेला सारखंच खोटं बोलतं. रंगाची जाडी मोजायचं छोटं यंत्र आता चार-दोन हजारांत मिळतं. कारखान्यातला रंग साधारण १०० ते १५० मायक्रॉन भरतो. तीनशे-चारशे दाखवलं की तो पॅनेल पुन्हा रंगवलेला, हजाराच्या पुढे गेलं की खाली लांबी. ॲल्युमिनियमवरही चालणारं यंत्र घ्यावं, काही स्वस्तातली नुसत्या लोखंडावरच चालतात.

बीडच्या बार्शी रोडला एका दुपारी अशीच एक पारख बघायला मिळाली. पांढरी ई-क्लास, डिझेल, दिल्ली पासिंग. घेणारा गेवराईकडचा कापसाचा व्यापारी, वय पस्तिशीच्या आतलं, हातात फोन, फोनवर त्याच मॉडेलचा व्हिडिओ. सोबत त्यानं आपल्या गावचा मिस्त्री आणला होता, साठीचा माणूस; सगळे त्याला चाचा म्हणत होते. विकणारा तोंडानं घडाघडा बोलत होता: लेदर ओरिजिनल, ॲम्बियंट लाइट, बर्मेस्टरचं म्युझिक. चाचांनी यातलं काही ऐकलं असं वाटलं नाही. त्यांनी आधी ड्रायव्हरच्या सीटचा पट्टा पूर्ण बाहेर ओढला, अगदी शेवटपर्यंत, आणि शेवटच्या वीतभर भागावरून अंगठा फिरवला.

‘चाचा, पट्टा कामून बघता?’ व्यापाऱ्यानं विचारलं.

‘पाण्यात बुडाली आसंल तर माती हितं ऱ्हाती. बाकी समदं धुतेत. ह्ये कुणी धूत नाय.’

माती नव्हती. मग त्यांनी पट्ट्याच्या मुळाशी शिवलेली चिठ्ठी वाचायला लावली. तिच्यावर तयार झाल्याची तारीख असते. गाडी ज्या वर्षाची, पट्टा त्याच्या थोडा आधीचा असायला हवा. उजवीकडचा जुळला. डावीकडचा तीन वर्षांनी नवा निघाला. पट्टा बदलला म्हणजे बहुतेक एअरबॅग उघडली होती, आणि ती उघडली म्हणजे डॅशबोर्ड बदललेला किंवा शिवलेला. चाचांनी डॅशबोर्डवर तळहात टेकवून तो हळूहळू डावीकडे नेला. एका जागी हात थांबला. डोळ्याला काहीच दिसत नव्हतं, पण तिथला दाणा जरा गुळगुळीत होता आणि कातडीखालचा फोम किंचित कडक. विकणाऱ्याचं बोलणं त्या वेळी पहिल्यांदा थांबलं.

दिल्लीच्या गाड्या इकडे का येतात त्याला कारण आहे. राष्ट्रीय हरित लवादानं २०१५ मध्ये दिल्ली परिसरात दहा वर्षांपुढच्या डिझेल गाड्यांना बंदी घातली, २०१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं ती उचलून धरली. त्यामुळे आठ-नऊ वर्षांची, दिसायला चकचकीत डिझेल मर्सिडीज तिथे पडेल भावात निघायला लागली आणि एनओसी घेऊन बाकीच्या राज्यांत उतरायला लागली. अशी गाडी वाईटच असते असं नाही. दिल्लीची हवा कोरडी, त्यामुळे गंज कमी. पण चारही कोपरे घासलेले. मुंबईची गाडी बाहेरून सुबक आणि खाली सीटच्या रुळांना, पट्ट्याच्या बोल्टला समुद्राच्या हवेचा तांबूस थर. बीडमध्येच वापरलेल्या गाडीची ओळख निराळी. ड्रायव्हरच्या बाजूच्या आर्मरेस्टखाली, जिथे बोटं सहज पुसली जातात, तिथे चुन्याचे पांढरे ठिपके. डोक्याच्या उशीवर तेलाचा डाग. मीटर कितीही मागे घेतलं तरी चुना मागे घेता येत नाही.

*

बीड आणि चामडं यांचा संबंध गाड्यांच्या फार आधीचा आहे. निजामाच्या काळात हे गाव प्रसिद्ध होतं ते छागलींसाठी, म्हणजे पाणी न्यायच्या चामडी पिशव्यांसाठी, आणि गुप्तीसाठी. छागलीची पारख एकच: पाणी भरायचं, टांगायची, आणि टाक्यातून गळतं का ते बघायचं. टाका घट्ट असला की कारागीर चांगला.

आजच्या गाडीच्या सीटला हा नियम लावायला गेलं की घोटाळा होतो. सीटच्या बाहेरच्या कुशीत, दाराच्या बाजूला, एअरबॅग दडवलेली असते. तिथली शिवण मुद्दाम कमजोर दोऱ्यानं, मोजून-मापून घातलेली असते. धडक बसली की डोळ्याचं पातं लवायच्या आत ती शिवण उसवली पाहिजे आणि पिशवी बाहेर आली पाहिजे. इथे टाका सुटण्यातच कारागिरी आहे. आपले कुशनवाले हौसेनं त्यावर नवं रेक्झिनचं कव्हर चढवतात, दुहेरी दोऱ्यानं, पक्कं, आयुष्यभर न उसवणारं. काम डोळ्यात भरेल असं होतं आणि एअरबॅग आत कोंडली जाते. तसंच डॅशबोर्डचं. डावीकडच्या एअरबॅगची रेघ वरून दिसू नये म्हणून ती आतल्या बाजूनं लेझरनं अर्धवट कापलेली असते. बरोबर त्याच जागी आपण गणपती चिकटवतो. देवाची जागा थोडी मध्ये सरकवली तर देव रागावणार नाही.

‘फुल लेदर’ हाही एक भ्रम आहे. महागड्या गाडीतसुद्धा अंग टेकतं तेवढ्याच भागाला खरं कातडं असतं. सीटच्या बाजू, पाठ, दाराचा खालचा भाग बहुतेक कृत्रिम. मर्सिडीज तर कित्येक मॉडेल्समध्ये आर्टिको नावाचं कृत्रिम लेदरच देते, आणि ते लपवतही नाही. त्याबद्दल नाक मुरडू नये. कारण मऊसूत नापा कातडं आपल्या उन्हात, घामात आणि डोक्याच्या तेलात लवकर काळवंडतं, तर मर्सिडीजच्या ऐंशीच्या दशकातल्या कृत्रिम सीट चाळीस वर्षांनंतरही बसण्याजोग्या सापडतात. कातडं खरं की खोटं हे विचारण्यापेक्षा ड्रायव्हरच्या सीटचा उतरता-चढता काठ बघावा. आत-बाहेर करताना पार्श्वभाग रोज तिथेच घासतो. मीटर चाळीस हजार दाखवतंय आणि तो काठ चिरलाय, स्टिअरिंगचा दाणा झिजून चकचकीत झालाय, ब्रेकच्या पायट्याचं रबर गुळगुळीत आहे, तर मीटरवर विश्वास ठेवू नये.

आतल्या प्लास्टिकवर आणखी एक फसगत असते. नव्वदीच्या दशकापासून युरोपी कंपन्यांनी बटणांवर, दाराच्या खिशांवर मखमली हात लागावा म्हणून मऊ रंगाचा थर द्यायला सुरुवात केली. उष्णता आणि दमट हवा मिळाली की काही वर्षांत तो थर विरघळल्यासारखा चिकट होतो, बोटाला लागतो, धूळ धरतो. छताच्या कापडामागचा फोमही असाच भुगा होतो आणि कापड डोक्यावर उतरतं. शोरूममध्ये हाताला सर्वांत गोड लागलेला भाग सर्वांत आधी मान टाकतो. टोयोटा फॉर्च्युनर २००९ मध्ये आपल्याकडे आली तेव्हा परीक्षकांनी तिच्या कडक प्लास्टिकला नावं ठेवली, एवढ्या पैशात असलं डॅशबोर्ड? बीडमध्ये त्या काळच्या फॉर्च्युनर अजून पळताहेत आणि ते कडक प्लास्टिक जसंच्या तसं आहे. श्रीमंती वाटत नाही, हे कबूल. पण बटण दाबलं की लागतं, झाकण लावलं की बसतं. पुढाऱ्यांना ही गाडी आवडते ती काही नुसत्या उंचीमुळे नाही.

पुढाऱ्यांच्या आणि ऊसतोडीच्या मुकादमांच्या पांढऱ्या गाड्यांचा विषय निघालाच आहे तर एवढंच: दिवाळीच्या सुमारास याच जिल्ह्यातून लाखो माणसं ट्रक-ट्रॅक्टरच्या ट्रॉल्यांत संसार भरून ऊस तोडायला जातात. त्या ट्रॉलीची बिल्ड क्वालिटी कुणी तपासत नाही.

*

नाकाचं काम सर्वांत शेवटी सांगतोय, पण ते सर्वांत आधी करावं. गाडी उघडली की पहिला श्वास महत्त्वाचा. दोन मिनिटांनी नाक सरावतं. ऑडीनं १९८५ मध्ये इंगोलश्टाटला वास घेणाऱ्यांची एक तुकडीच नेमली. गालिचा, कातडं, गोंद, वायर, प्रत्येक मालाचा तुकडा बरणीत घालून ८० अंशांवर दोन तास तापवायचा, मग झाकण उघडून हुंगायचं आणि एक ते सहा गुण द्यायचे. आपल्याकडे बरणी लागत नाही. मे महिन्यात दुपारी तासभर उन्हात ठेवलेली गाडी उघडायची. गोंदाचा उग्र भपका आला तर आत नवं काम झालंय. अत्तर, परफ्यूमचा घमघमाट आला तर काहीतरी झाकायचंय. कुबट, भिजलेल्या गोणपाटाचा वास आला तर मॅट उचला.

नुसती वरची मॅट नाही, खालचा गालिचाही. सनरूफच्या चारही कोपऱ्यांतून पाणी वाहून जायला बारीक नळ्या असतात. आपली धूळ आणि लिंबाची पानं त्यांत बसतात, उन्हाळाभर घट्ट होतात आणि जूनच्या पहिल्या पावसात नळी तुंबते. पाणी खांबाच्या आतून उतरून गालिच्याखाली साचतं. वर कोरडं दिसतं, खाली जाड फोम ओलाच. आणि बऱ्याच जर्मन गाड्यांत इलेक्ट्रॉनिक पेट्या नेमक्या तिथेच, पायाखाली किंवा सीटखाली असतात. महिन्याभरानं डॅशबोर्डवर निरनिराळे दिवे लागायला लागतात आणि गॅरेजवाला सेन्सर बदलत बसतो. फोम मुठीत दाबून बघितला असता तर पैसे वाचले असते.

बुडालेली गाडी ही त्याची मोठी आवृत्ती. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला २४ तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस झाला, आणि त्या दिवशी बुडालेल्या मुंबईच्या गाड्या पुढे धुऊन-पुसून लांबलांबच्या बाजारांत गेल्या. २०२५ च्या सप्टेंबरात तर मराठवाड्यात आपल्याच दारात पाणी आलं. अशा वर्षानंतर निघालेली स्वस्त गाडी घेताना सीटच्या खालचे स्प्रिंग, स्टेपनीचा खड्डा, फ्यूजच्या पेटीचे कोपरे, टॉर्च लावून बघावेत. गाळ वाळला की पिवळसर रेघ ठेवून जातो. ती रेघ जिथे कापड पोचत नाही तिथे हमखास सापडते.

आता ज्या नव्या गाड्या येताहेत त्यांची पारख मात्र अवघड होत चाललीय. पैसा लाकूड-कातड्यातून काढून काचेत घातला जातोय. मर्सिडीजची ईक्यूएस ही विजेवरची गाडी २०२२ मध्ये चाकणला तयार व्हायला लागली. डॅशबोर्डच्या जागी ५६ इंचांची एकच अखंड काच, तिच्याखाली तीन पडदे, किंमत तेव्हा दीड कोटीच्या वर. तिच्या कार्यक्रमाला नितीन गडकरी होते आणि उत्पादन वाढवून किंमत कमी करा, मलाही तुमची गाडी परवडत नाही, अशा अर्थाचं ते बोलले होते. पडद्याबद्दल माझी तक्रार किमतीची नाही. पडदा दिपवतो आणि त्याच्या खालचं प्लास्टिक कुणी चाचपत नाही. रंगीत दिव्यांची पट्टी लावली की अंधारात सगळंच उंची दिसतं. म्हणून दिवे बंद करून बघा, स्क्रीन काळी करून बघा, गुडघा टेकतो तिथे, सीटच्या मागे पायाशी, ग्लोव्ह बॉक्सच्या आतल्या भिंतीला हात लावून बघा. तिथे अस्तर दिलं असेल तर कंपनीनं मनापासून काम केलंय. काळं चकचकीत प्लास्टिक, ज्याला पियानो ब्लॅक म्हणतात, ते तर आपल्या धुळीत कोरड्या फडक्यानं एकदा पुसलं की ओरखड्यांनी भरतं. हे ज्यानं डिझाइन केलं त्याला एक उन्हाळा माजलगावला ठेवला पाहिजे.

खडखड ऐकायची असेल तर म्युझिक, एसी आणि विकणाऱ्याचं तोंड तिन्ही बंद करून गाडी खराब रस्त्यावर न्यावी. आवाज कुठून येतो ते ओळखायला शेजारी बसलेल्यानं एकेक पट्टी हातानं दाबत जायचं. दाबल्यावर थांबला तर बहुतेक तुटलेली क्लिप. दाराचं पॅड किंवा डॅशबोर्ड कधीतरी उघडून घाईत बसवलेला. ती क्लिप काही रुपयांची असते, पण ती का तुटली हा प्रश्न लाखांचा असू शकतो. परत आल्यावर खाली वाकून इंजिनखालचं प्लास्टिकचं झाकण जागेवर आहे का बघावं. गतिरोधकांनी ते फाडलं की लोक काढून टाकतात, आणि मग धूळ, पाणी, आवाज, सगळंच वर चढतं.

बार्शी रोडवरचा सौदा त्या दिवशी झाला नाही. व्यापाऱ्याचं मन गाडीवर बसलेलं होतं, तो दीड लाख कमी करून घ्यायला निघाला होता. चाचांनी त्याला बाजूला नेऊन काहीतरी सांगितलं आणि दोघं निघून गेले. जाताना विकणाऱ्यानं चाचांच्या हातात काहीतरी सरकवायचा प्रयत्न केला, चहापाण्याचे म्हणून. त्यांनी हात मागे घेतला. त्यांची दिवसाची मजुरी व्यापाऱ्यानं सकाळी निघतानाच दिली होती. जो कुणी अशी गाडी बघायला जाईल त्यानं हे आधीच उरकून टाकावं: मिस्त्री आपला न्यावा, आणि त्याचे पैसे गाडी बघायच्या आधी आपण द्यावेत.